उणे पाचावर निघालेली अंजना

खडकेवाडी, पोस्ट विटा, जिल्हा सातारा
शनिवार, ता. ८ जून १९४६

तीर्थस्वरूप नानासो दाजींच्या चरणी,

हंबीररावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (मागच्या पत्रात नमस्काराच्या जागी ‘सॅल्यूट’ लिहिले गेले ते निव्वळ सवयीने. आक्का त्यावर चार दिवस हसत होती असे कळले. तिला हसू आले हे चांगलेच झाले.) आपला खोकला आता कसा आहे? आक्काच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधायला सांगितला होता, तो बांधते की नुसता वाळवून ठेवते, तेही कळवावे. इकडे आम्ही तिघे सुखरूप आहोत. म्हैस व्याली. रेडी झाली.

पलटणीच्या रिपोर्टात ताजी खबर आधी आणि ती कोणी पक्की केली ते लगेच पुढे, अशी शिस्त असे. ती धरूनच लिहितो. अंजनाची फेरपरीक्षा सोमवार, ता. १७ रोजी सकाळी आठ वाजता सांगलीस आपल्या शाळेत व्हायची आहे. ही खबर प्रथम पोस्टमन गुंडाने दिली. त्याने हेडमास्तरसाहेबांचे कार्ड वाटेतच वाचले होते आणि आमच्या घरी पोचण्याआधी सात घरांत सांगितले होते. नंतर आमच्या शाळेचे इमाम मास्तर मुल्ला यांनी ते कार्ड चष्मा पुसून दोनदा वाचले आणि खबर खरी असल्याचे सांगितले. आपण हेडमास्तरसाहेबांकडे शब्द टाकलात म्हणूनच हे घडले, हे आम्ही जाणून आहोत. शाळेच्या ऑफिसात आपले माणूस असले की काय होते ते आज समजले. मात्र कार्डाच्या खाली लाल शाईत एक ओळ आहे : ‘उमेदवाराने पेपर संपेपर्यंत बाकावरून उठू नये.’ सगळी अडचण त्या ओळीपाशी आहे आणि तिच्यासाठीच हे पत्र.

मे महिन्यात परीक्षेच्या खोलीत नेमके काय झाले ते आपल्याला पर्यवेक्षक मास्तरांकडून कळले असेल. ते खोटे बोलले असे मी म्हणत नाही. त्यांच्या धोतरावर शाई सांडली होती आणि शाई सांडलेल्या माणसाला पुरावा लागत नाही. पण आमची बाजू मुळापासून सांगतो, म्हणजे हेडमास्तरसाहेबांना सांगताना आपल्याला सोपे जाईल.

फेब्रुवारीत मी पलटणीतून सुटून घरी आलो. जाताना अंजना आठ वर्षांची होती, आलो तेव्हा चौदाची. दारात उभी राहून तिने मला विचारले, “कोण पायजे?” (पुढे तिची आई आतून ओरडत आली आणि ओळख पटली. या गोष्टीवरही आक्का हसेल. हसू द्यावे.) तिने मराठी सातवीची परीक्षा तालुक्यात चौथ्या नंबराने पास केली होती आणि तिला सांगलीला इंग्रजी शाळेत जायचे होते. आमच्या गावात सातवीच्या पुढे वर्ग नाही. सातवी झालेल्यांची खास परीक्षा घेऊन आपल्या शाळेत वरच्या वर्गात घेतात आणि त्यात बीजगणित असते, हे आपणच कळवले आणि पुस्तकही धाडले. इकडे तिच्या मामांनी दहिवडीकडचे एक स्थळ आणून ठेवले आहे. मुलगा बरा आहे, मेंढरे पुष्कळ आहेत. पोरीला शाळेने घेतले तर स्थळ थांबेल, नाही घेतले तर मार्गशीर्षात लग्न, असे आमच्यात आणि मामांच्यात ठरले आहे. मामा शब्दाचे पक्के आहेत. त्यामुळेच भीती वाटते.

पुस्तकातला पहिला धडा ‘धन व ऋण संख्या’. पहिले उदाहरण बर्फाचे. काचेच्या नळीतला पारा शून्याच्या खाली उतरतो, असे काहीतरी. आता बर्फ या गावात फक्त मी पाहिलेला, तोही इटलीत, आणि तिथे तो तोडून चहाला पाणी करण्यापलीकडे आम्ही त्याचे गणित केले नाही. विट्याच्या दवाखान्यातली नळी मागून पाहिली, तर तिच्यात शून्यच नाही, पंचाण्णवपासून सुरुवात. इमाम मास्तरांनी धडा दोन दिवस घरी नेला. तिसऱ्या दिवशी पुस्तक परत देऊन ते म्हणाले, “हवालदार, सातवीपर्यंतचं काय बी इचारा. पण तीनातनं पाच जात न्हाईत असं मी बावीस वर्सं पोरास्नी सांगितलंय. आता जात्यात म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?” असा सच्चा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. अंजनाच्या आईचे मत याहून थोडक्यात होते. ती म्हणाली, “शून्य म्हंजी टोपलं रिकामं. रिकाम्या टोपल्यातनं आनि काय काढतासा?”

तेव्हा मला एक गोष्ट सुचली. डेपोत मी दोन वर्षे नव्या रंगरुटांना कवायत शिकवली आहे. माणसे पुढे नेली, मागे आणली, जागच्या जागी फिरवली. हेच ते गणित, फक्त तेव्हा कोणी मला तसे सांगितले नव्हते. शाळेमागच्या माळावर मी एक धोंडा चुन्याने रंगवून ठेवला. तो शून्य. पूर्वेला मारुतीच्या देवळाचा कट्टा, बारा पावलांवर. ती धन बाजू. पश्चिमेला आकाराम आबांचे निवडुंगाचे कुंपण, नऊ पावलांवर. ती ऋण बाजू. नियम चारच. शून्यावर देवळाकडे तोंड करून उभे राहायचे. धन संख्या आली की तितकी पावले पुढे. ऋण आली की तितकी पावले मागे, पण तोंड न वळवता. आणि वजाबाकीची खूण आली की आधी ‘पीछे मूड’, मग हुकमाप्रमाणे. उणे चार अधिक सात म्हटले की अंजना चार पावले मागे जाई, सात पुढे येई आणि तीनवर खाडकन थांबे. पहिल्याच सकाळी सोळा गणिते झाली. दुसऱ्या दिवशी सातवीचा सगळा वर्ग कवायतीला आला आणि चौथ्या दिवशी आकाराम आबा कुंपणाच्या आत घोंगडे टाकून बघायला बसले.

आकाराम आबा हे आमचे शेजारी. वय सत्तरीच्या पुढे, कान शाबूत, जीभ त्याहून. पोरे मागे मागे चालताना पाहून ते म्हणाले, “हंबीर, लडाईत बी असंच मागं मागं चाललासा व्हय रं?” पोरे हसली. मी त्यांना सांगितले की आबा, पळणे वेगळे आणि मागे सरणे वेगळे. पळणाऱ्याची पाठ दिसते, मागे सरणाऱ्याचे तोंड पुढेच असते. उणे चार म्हणजे पळालेला चार नव्हे. (हे मी रागाच्या भरात बोललो, पण अंजनाने वहीत लिहून घेतले. माझे बोलणे कोणी वहीत लिहून घेतल्याची ही पहिलीच वेळ.)

पुढच्या आठवड्यात शून्य चोरीला गेले. सकाळी माळावर गेलो तर धोंडा नाही. शोधता शोधता तो आबांच्या कडब्याच्या गंजीवर सापडला. वाऱ्याने कडबा उडू नये म्हणून त्यांनी तो नेऊन ठेवला होता. मी विचारले तर आबा शांतपणे म्हणाले, “शून्य म्हंजी काय बी न्हाई, आसं तूच पोरास्नी सांगतूस न्हवं? मग मी न्हेलं तरी काय?” याला उत्तर इमाम मास्तरांनी दिले. धोंडा गेला तरी जागा गेली नाही, मुले बारा पावले मोजून ती पुन्हा काढतील, असे ते म्हणाले आणि मुलांनी देवळाच्या कट्ट्यापासून मोजून ती काढलीही. आबांनी मान हलवली. धोंडा मात्र परत दिला नाही. तेव्हापासून शून्याच्या जागी आम्ही खुंटी ठोकली आहे.

कुंपणाचाही एक घोटाळा झाला, तोही लपवत नाही. ऋण बाजूला आठ पावलांनंतर निवडुंग असल्यामुळे आमच्या मुलांना उणे आठाच्या पलीकडची संख्या माहीतच नव्हती. उणे सहा वजा पाच घातले की सगळा वर्ग एका सुरात उत्तर देई, “आबांच्या कुपनात!” मी ते चालवून घेतले, कारण खरेच तसे होत होते. ही माझी चूक. मग आबांनाच विनंती केली आणि त्यांनी कुंपणाला खिंड पाडून दिली. आता उणे चौदापर्यंत जाता येते. त्यापुढे त्यांची विहीर आहे.

आबांनी खिंड का पाडली तेही सांगतो. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हा नियम पुस्तकात चौकटीत दिला आहे, कारण दिलेले नाही. इमाम मास्तर म्हणाले की पाठ करून घेऊ. अंजना म्हणाली, “मास्तर, का ते कळल्याबिगर पाठ हुईत न्हाई.” तेव्हा मी आबांनाच खुंटीवर उभे केले. गणित होते उणे दोन गुणिले उणे तीन. पहिल्या उण्याला ‘पीछे मूड’ : आबांचे तोंड त्यांच्या घराकडे झाले. दुसऱ्या उण्याला पावले मागे : तीन पावले, दोनदा. आबा काठी टेकत उलटे चालले आणि सहाव्या पावलाला थांबून त्यांनी वळून पाहिले. देवळाचा कट्टा निम्म्यावर आला होता. “आरं तिच्या!” आबा म्हणाले, “देवाकडं पाठ करून देवाकडंच आलो की!” इमाम मास्तर तिथेच धुळीत बसले आणि बोटाने ते गणित लिहून त्याकडे बघत राहिले. बावीस वर्षे ते हा नियम दुरून ओळखत होते, जवळून त्या दिवशी पाहिला, असे ते नंतर म्हणाले. दुपारी आबांनी कुंपणावर कुऱ्हाड घातली.

इथवर सगळे ठीक होते. तेरा मे रोजी आम्ही सांगलीस आलो. (मोटार कोळशाच्या गॅसवरची, तासगावच्या अलीकडे दोनदा उतरून ढकलावी लागली. अंजना ढकलतानाही पावले मोजत होती.) खोलीत तिला तिसऱ्या रांगेत बसवले. मराठीचा पेपर चांगला गेला. बीजगणिताच्या पेपरात पहिलाच प्रश्न, उणे पाच अधिक तीन. अंजना उठली, बाकाच्या बाजूला नीट उभी राहिली आणि मागे चालू लागली. तिसऱ्या पावलाला तिची पाठ पर्यवेक्षक मास्तरांच्या हातातल्या दौतीवर आदळली. मास्तर म्हणाले, “कुठे निघालीस?” ती म्हणाली, “उणे पाचावर, सर.” तिने खरे ते सांगितले. पण मागच्या बाकावर दुसरी मुलगी पेपर लिहीत होती, आणि तिच्या पेपरात डोकावायला ही उठली, असा शेरा मारून मास्तरांनी पेपर काढून घेतला. दहाही प्रश्न तसेच राहिले. परतीच्या मोटारीत तासगाव मागे पडल्यावर अंजना एवढेच म्हणाली, “तात्या, मला चोर म्हनले त्ये.”  

आता लाल शाईची ओळ. बाकावरून उठायचे नाही म्हटल्यावर आम्ही बसून सराव सुरू केला. माळावर पाट मांडला आणि तिला त्यावर बसवून हुकूम दिले. पहिल्या दिवशी उणे सात म्हणताच ती पाटासकट मागे सरकली. दुसऱ्या दिवशी पाट स्थिर राहिला, पण तीच मागे घसरून भुईवर आली. तिसऱ्या दिवशी पाय परकराखाली चालू आहेत असे मला वाटले, पण मुलीच्या जातीला पाय दाखव असे कसे म्हणणार? मग मी दुसरा उपाय काढला. ती खोलीत बसेल, मी खिडकीबाहेरच्या पटांगणात उभा राहीन. ती नुसते गणित मोठ्याने म्हणेल, मी चालेन आणि कुठे थांबलो ते तिने खिडकीतून पाहावे. हा बेत मी इमाम मास्तरांना मोठ्या उत्साहाने सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “हवालदार, ह्येलाच तर कापी म्हणत्यात.” तो बेत मी तिथल्या तिथे मागे घेतला.

म्हणून आता आपल्याला विनंती अशी की, बाकांची मांडणी आपल्याकडे असते, तर अंजनाला व्हरांड्याच्या दाराशी शेवटचा बाक द्यावा आणि ऋण बाजूस किमान नऊ, धन बाजूस बारा पावले मोकळी ठेवावीत. हेडमास्तरसाहेबांना समजावून सांगावे की ही मुलगी डोकावण्यासाठी उठत नाही, उत्तराकडे जाते. संशय असेल तर पर्यवेक्षक मास्तरांनी तिच्याबरोबर चालावे. आमची हरकत नाही. (दौत मात्र टेबलावर ठेवून.) तिला चालू दिले तर दहापैकी दहा प्रश्न सुटतील, हे मी कवायतीच्या अनुभवावरून खात्रीने लिहितो. न चालता काय होईल ते मला सांगता येत नाही आणि तिच्या मामांना ते विचारण्याची माझी इच्छा नाही.

आक्काला माझा नमस्कार. गुडघ्याचे विसरू नये.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
हंबीरराव

ता. क. हे पत्र लिहून झाल्यावर, लाल शाईची बाब नीट आली आहे ना हे पाहावे म्हणून अंजनाच्या आईला वाचून दाखवले. ती भाकरी थापत होती. ऐकून म्हणाली, “व्हरांडा कशाला मागतासा? पोरगी बसून करती की.” मी म्हटले, कधीपासून? तर म्हणाली, पंधरा दिवस झाले. चुलीपुढच्या फरशीवर हिने तिला पिठाचे ठिपके ओळीने काढून दिले होते, रांगोळीला काढतात तसे, आणि म्हणाली होती, पाय कशाला लागतात, बोट चालव. चार दिवस बोट चालले, मग तेही थांबले. आता ती नुसती बघते आणि सांगते. मला खरे वाटेना म्हणून मी तिथूनच हाक मारून उणे एकोणीस वजा उणे तेहतीस विचारले (हे माळावर मावतच नाही). अंजना परसात भांडी घासत होती. राखेचा हातही न थांबवता म्हणाली, “चौदा. अधिक.” मी तिच्या आईला विचारले, मग ही रोज पहाटे माझ्याबरोबर माळावर येते ती कशाला? पाटावरून घसरते ती कशाला? ती म्हणाली, “आवं, सा वर्सानी घरला आलासा. बापासंगं बोलायला पोरीला दुसरं काय हाय? ती म्हनती, तात्यास्नी चालवायला बरं वाटतंय, तर चालू द्या.”

ता. क. २. सबब व्हरांड्याची, शेवटच्या बाकाची आणि पावलांची विनंती रद्द समजावी. तिला कुठेही बसवावे. त्याऐवजी एकच करावे. आठ ते अकरा शाळेचे पटांगण मोकळे असावे आणि तिथे कोणी उलटसुलट चालताना दिसला तर शिपायाने हटकू नये. तो मी असेन. आणि हे सगळे मला कळले असे अंजनाला सांगू नये. सोमवारपर्यंत अजून आठ सकाळी आहेत.

ता. क. ३. सोळा तारखेला दुपारच्या मोटारीने आम्ही आपल्याकडे येत आहोत. निकाल परीक्षेच्याच दिवशी चार वाजता फळ्यावर लावतील, असे कार्डात आहे, आणि विट्याची शेवटची मोटार पाचची. फळ्यापाशी मी जाणार नाही. अंजना जाईल, वाचेल आणि मला येऊन सांगेल.